शाळा नसलेल्या राज्यात अक्का

आमच्या गल्लीत किस्से गोळा करायला जावं लागत नाही, ते घरात येऊन पडतात. जळगावातली आमची घरं जुळी, मधली भिंत एका विटेची. मी काही कान लावून बसत नाही हो, ऐकू येतं!

शेजारच्या काव्याने लॅपटॉपवर कादंबरी लिहायला घेतली. उडणारे घोडे, जादूगार, सगळं आहे. फक्त त्या राज्यात शाळाच नाही.

"मग तिथं वाचता कोणाला येईल?" मी खिडकीतूनच विचारलं.

"राजाला. पुरोहितांना. बाकी कोणाला नाही."

तिची आजी, आमची अक्का, शिरपूरकडच्या खेड्यातली. शाळेची पायरी चढलेली नाही. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "मन्हासारखी एखादी म्हातारीले बी नही?"

"अक्का, गोष्ट खरी वाटायला हवी ना!"

 मग अक्काचे दाणे टरफलांत आणि टरफलं दाण्यांत पडायला लागली.

मला राहवेना. शाळेशिवाय वाचायला शिकलेली माणसं आमच्याच गल्लीत! एकेकाला धरून काव्याच्या ओट्यावर आणून बसवलं.

*

सोनवणेभाऊंनी त्यांच्या आईचं सांगितलं. विहारात ऐकून ऐकून त्यांना सगळी वंदना पाठ. मग पुस्तक मांडीवर घेऊन एकेका शब्दावर बोट ठेवायच्या, तशी अक्षरं ओळखीची झाली.

"पण सुरुवातीला गंमतच. एकदा लाईट गेली, तरी आईचं वाचन चालूच!"

*

समोरचे नाना तरुणपणी केळीच्या ट्रकवर क्लीनर होते. पुढच्या ट्रकच्या पाठीवर लिहिलेलं ड्रायव्हर मोठ्याने वाचायचा, त्यावरून नाना शिकले. आजही पेपर हात लांब करून धरतात.

"नाना, चष्मा घ्या की!"

"नजर चांगली शे. पुढच्याने ब्रेक मारला तर?"

*

गल्लीतल्या एका लग्नानंतर सगळ्यांची भांडी एकत्र झाली. अक्काने एकेक पातेलं फिरवून 'सौ.' लावून कोरलेली नावं वाचली आणि घरोघरचे ढीग लावले. काव्या बघतच राहिली.

"अक्का, तुला वाचता येतं?"

"भांडं वाचता येस. कागद नही."

काव्याने पेपर पुढं केला. अक्का बोट फिरवत बायकांची नावं शोधत गेली. एकाही नावापुढं 'सौ.' नाही!

"ह्या बठ्ठ्या कुवाऱ्याच शेतस का?"

आम्ही हसलो. अक्काही हसली, पण पेपर तिनं हळूच घडी घालून बाजूला ठेवला.

*

मग काही दिवस भिंतीपलीकडून नुसता टाइप केल्याचा आवाज. मला जेवण गोड लागेना. गेल्या रविवारी काव्या ठळक अक्षरांत छापलेलं एक पान घेऊन बाहेर आली आणि अक्काच्या हातात दिलं.

आम्ही सगळे ओट्यावर. अक्का बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली, "त्या... राज्यात... एक म्हातारी... होती. तिला... वाचता..."

आणि थांबली. बोट पुढं सरकत होतं, ओठ हलत होते, आवाज नाही.

"काय गं अक्का? येत होतं की नव्हतं?" मी विचारलं.

"अक्का, मोठ्यानं वाच ना!" काव्या म्हणाली.

अक्काने पान छातीशी धरलं आणि ती उठून आत जायला निघाली.

"तू मन्हासाठे लिखं ना? मंग मी एकलीच वाचसू!"