अंगाईसरांची तिसरी चिप

अंगाईसर खोलीत शिरले की आधी दिवा बंद करत आणि मग आत कोण आहे ते विचारत. आत बहुतेक वेळा आम्हीच असायचो. "आहे का कुणी?" असं अंधारातून विचारलं जाई, आम्ही "आहोत, सर" म्हणायचो, आणि ते "बरं" म्हणून निघून जात. दिवा पुन्हा लावणं हे त्यांच्या कामात मोडत नसे.

चिंचपोकळीच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत तिसऱ्या मजल्यावर आमची कंपनी. खाली लग्नपत्रिकांचा छापखाना, वर आम्ही एकोणीस जण. आम्ही वायरलेस चिपांची डिझाइनं करतो. पाण्याच्या मीटरमध्ये, दाराच्या कुलपात, गोदामातल्या खोक्यावर बसणारी, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान चिप. शर्टाच्या बटणाएवढ्या बॅटरीवर तिने काही वर्षं काढायची असतात. हे जमतं, कारण ती जवळजवळ सगळा वेळ झोपलेली असते. मधूनच जागी होते, इथलं तापमान इतकं आहे असा निरोप पाठवते आणि पुन्हा आडवी होते. चिपला जागं करणारे इंजिनिअर पुष्कळ मिळतात. तिला नीट झोपवणारा आमच्याकडे एकच होता, म्हणून अंगाईसर. हे नाव मी ठेवलेलं नाही. मी नोकरीला लागले तेव्हा ते रूढ होतं आणि मी ते बंद पाडायचा प्रयत्न केला नाही. सरांच्याही कानावर गेलं होतं. "नाव चुकीचं नाही," एवढंच ते एकदा म्हणाले.

"झोपायला कारण लागत नाही, जागं राहायला लागतं," हे त्यांचं आवडतं वाक्य. चिपचा नकाशा टेबलावर पसरून ते एकेका भागावर बोट ठेवत आणि विचारत, "हा का जागा आहे?" कुणी "असू दे सर, लागेल कधीतरी" म्हणालं की चष्मा काढून त्याच्याकडे बघत राहात. तो भाग संध्याकाळपर्यंत नकाशातून गेलेला असे. माणसांनाही तोच नियम होता. एकदा सहा वाजता ते माझ्या टेबलाशी थांबले. "तू अजून चालू का?" मी काम सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे उद्यापर्यंत टिकेल. जा घरी." मी लालबागला चालत घरी गेले. काम टिकलं.

स्वतःचा फोन ते दर तासाला दोन मिनिटं चालू करत. घरचे, बँकेचे, डॉक्टर, सगळ्यांना ती दोन मिनिटं पाठ होती. मी विचारलं, "सर, मध्येच काही तातडीचं आलं तर?"

"तासाभरात बरंचसं कमी तातडीचं होतं," ते म्हणाले.

ते मूळचे गिरगावचे, आणि त्यांच्या घरी मासळीबद्दल जेवढं बोललं जाई तेवढं नातेवाइकांबद्दलही बोललं जात नसे. माझा डबा उघडला की ते दोन टेबलांपलीकडून निकाल देत. "बोंबील तळताना घाई केलीय." माझी आई मालवणची. तिने हा शेरा ऐकून चार दिवस सरांचं नाव घेतलं नाही, आणि पाचव्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळा डबा दिला. सरांनी तो मुकाट्याने खाल्ला, धुऊन परत दिला. आईने त्याचा अर्थ चांगला घेतला.

आता तिसऱ्या चिपबद्दल. पहिल्या दोन चिपा बऱ्या निघाल्या होत्या, पण आकाराने मोठ्या होत्या. तिसरी लहान हवी म्हणून सरांनी तिचं काळं कवच काढून टाकलं आणि सिलिकॉनचा नुसता तुकडा ठेवला. सात वर्षं ते या चिपच्या मागे होते. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी हिच्यासाठी थांबले होते. एका कोल्ड स्टोरेजवाल्याने वरळी कोळीवाड्यातल्या मासळीच्या खोक्यांवर आमच्या दोनशे डब्या लावल्या. पांढऱ्या प्लॅस्टिकची छोटी डबी, आत चिप आणि बॅटरी. बॅटरी तीन वर्षं चालेल असं आम्ही लेखी दिलं होतं. दीड महिन्यात डब्या मुक्या व्हायला लागल्या. सगळ्या नाही, पण रोज दोन-चार.

कंपनीत पैसे घातलेल्या मंडळींनी दहा दिवस दिले. दहा दिवसांत कारण सापडलं नाही तर स्वतःची चिप बंद, बाहेरची विकत घ्यायची. आमचा मालक निखिल हा सरांचाच कॉलेजातला विद्यार्थी. त्याने ही बातमी सरांना जिन्यात उभं राहून सांगितली, कारण केबिनमध्ये सांगायची हिंमत झाली नसावी. सर लॅबमध्ये आले, नेहमीप्रमाणे दिवे बंद केले आणि झोपलेली चिप किती वीज खाते ते मोजायला बसले. ट्यूबलाइटची चोक मापात लुडबुड करते, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. आकडा आला तो बरोबर. दुसऱ्या दिवशीही बरोबर. पाच दिवस आकडा बरोबर येत होता आणि कोळीवाड्यात डब्या मरत होत्या. त्या आठवड्यात सर मला पहिल्यांदा म्हातारे दिसले.

सहाव्या दिवशी आम्ही दोघं कोळीवाड्यात गेलो. हिरामावशी तिथे मासळी विकतात, त्यांच्या खोक्यांवर आमच्या बऱ्याच डब्या होत्या. सर आधी पापलेटांकडे वळले.

"सर, चिप," मी म्हटलं.

"पापलेटं संपतील," ते म्हणाले आणि रीतसर घासाघीस करून दोन घेतली. मग डब्यांचं विचारलं.

"तुमचं ते बटन ना? उनान ठेवलेलं सगलं मेलं," मावशी म्हणाल्या. "घरानचं अजून जित्तं हाय."

"उष्णता," मी लगेच म्हटलं.

"नाही. भट्टीत तापवून तपासलीय आपण." सरांनी एक डबी उचलून आभाळाकडे धरली. पांढऱ्या प्लॅस्टिकमधून आतल्या चिपची सावली दिसत होती. ते ती डबी बराच वेळ तशीच धरून उभे राहिले. मावशींनी मला विचारलं, "यांना काय झालं?" मला माहीत नव्हतं.

लॅबमध्ये आल्यावर त्यांनी अंधारात मोजलं. आकडा बरोबर. मग म्हणाले, "दिवा लाव." चार वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी दिवा लावला आणि आकडा कितीतरी पटींनी उडाला. बंद केला, खाली आला. उघड्या सिलिकॉनवर उजेड पडला की त्यात आपोआप वीज खेळायला लागते. आमची चिप दिवसभर उन्हात टक्क जागी राहात होती आणि बॅटरी पीत होती. आमची भट्टीदेखील आतून काळोखी.

"हिला मी उजेड दाखवलाच नाही," सर म्हणाले. पापलेटाची पिशवी अजून त्यांच्या हातातच होती.

उपाय दोन दिवसांत झाला. चिपच्या पाठीवर काळ्या लाखेचा एक थेंब. भर उन्हात गच्चीवर मोजलं, चिप गाढ झोपली होती. आम्ही टाळ्या वाजवल्या. सर म्हणाले, "आवाज कशाला करता?" पण हसले.

राहिला अहवाल. निखिल म्हणाला, "सर, प्लीज, लिहूया ना की डबीचं प्लॅस्टिक पातळ होतं. सप्लायरचा प्रॉब्लेम. कुणाला काय कळतंय?"

"सांगितली तशी डबी दिली त्याने," सर म्हणाले. "पांढरा रंग मी निवडला." आणि कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'मापन फक्त अंधारात केले.' जबाबदारीच्या रकान्यात स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

अहवालाला जुनी मापनपत्रकं जोडायचं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक पत्रकावर दोन सह्या, मोजणारे सर आणि साक्षीला मी. जोडताना वर्षभरापूर्वीचं एक पत्रक हाती आलं. त्या दिवशी वाऱ्याने खिडकीचा पडदा सरकला होता आणि आकडा एकदम उडाला होता. सर फोनच्या दोन मिनिटांसाठी बाहेर गेले होते. मी पडदा ओढला, पुन्हा मोजलं, पहिल्या आकड्यावर काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'तार सैल.' तार मी तपासलीसुद्धा नव्हती, आणि सरांनी परत येऊन माझ्यावर विसंबून नुसती सही केली. त्या दिवशी तो आकडा सरांना दाखवला असता तर कोळीवाड्यात एकही डबी मेली नसती.

मी पत्रक जोडलं आणि कुणाला काही बोलले नाही. मीटिंगमध्ये व्हिडिओ कॉलवर पैसे घातलेल्या मंडळींनी विचारलं, "हू इज रिस्पॉन्सिबल?" सर म्हणाले, "मी." मंडळी म्हणाली, चिप ठेवू, पण जबाबदार माणूस ठेवणार नाही. निखिल टेबलाकडे बघत होता. मीही टेबलाकडेच बघत होते. त्या टेबलावर बघण्यासारखं काही नव्हतं. महिनाअखेरीस सर गेले. निरोपाच्या केकला त्यांनी नको म्हटलं. मला फार लाज वाटत होती, आणि मी रोज वेळेवर कामावर जात होते.

तीन आठवड्यांनी मी गिरगावात त्यांच्या घरी गेले. जिन्यात सगळं जुळवून ठेवलं होतं, सरांच्या पत्नी दार उघडून आत स्वयंपाकघरात गेल्या आणि सरांसमोर मी ते विसरले. "सर, ते पत्रक. तार सैल नव्हती."

"माहीत आहे," सर म्हणाले. "जोडणी मी केली होती. माझी तार सैल नसते."

"तुम्ही वाचलं होतं?"

"अहवाल लिहायच्या आधी सगळी पत्रकं वाचली. बस."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. 'लागेल कधीतरी' म्हणणाऱ्याकडे बघत तसं नाही, जरा वेगळं. "चूक माझी होतीच. तुझं नाव सांगून ती कमी झाली नसती, फक्त दोघं गेलो असतो. मग चिप सांभाळली असती कुणी? निखिलने?"

मी पर्समध्ये रुमाल शोधायला लागले. सर अस्वस्थ झाले. उठले, खिडकीपाशी गेले, परत आले.

"हे बघ, रडायचं असेल तर आत हिच्याजवळ जा," ते म्हणाले. "मला ते जमत नाही."

मी आत गेले.