आठ वॅटले गिऱ्हाईक पाहिजे

आमच्या दुकानात माल पडून राहते अन् किस्से मात्र रोज नवीन येतात. रायपूरच्या शंकर नगरमध्ये टेंभेकर काकांचं साउंड सिस्टिमचं दुकान आहे अन् मी तिथली सेल्सवाली पोट्टी. घरी जाऊन रोज एक किस्सा सांगते, तर आई म्हणते, "सांगण्यापेक्षा एखादं काही विक ना बाई!"

आता मले काय विकायचं होतं ते ऐका. मागच्या खोलीत एक जोडी होती. अलमारीएवढे दोन स्पीकर अन् टिफिनएवढा एक अँप, म्हणजे अँप्लिफायर. अँप फक्त आठ वॅटचा! पण स्पीकर असे, की एक वॅट दिला तरी खोली भरून जाते. तवा चांगला असला की थेंबभर तेल पुरते ना, तसं. ती खोली मीच सजवली होती. पडदे, गालिचा, ऐकाले एक मोठी खुर्ची. अन् काकांनी काय म्हणावं?

"धनतेरसपर्यंत जोडी गेली तर तशीच दुसरी मागवू. नाही गेली तर या खोलीत इन्वर्टरच्या बॅटऱ्या ठेवीन!"

माझ्या खोलीत बॅटऱ्या! मग काय, दिसेल त्याले मी आत नेऊन बसवून राहिली होती.

*

उरला म्हणजे आपल्याकडची कारखान्यांची वस्ती, तिथले एक शेठजी आले. लोखंडाच्या रोलिंग मिलवाले. मी गाणं लावलं, तर त्यांनी ऐकलंच नाही! सरळ अँपजवळ गेले, उचलला, वर-खाली केला.

"कितना किलो?"

"सर, आवाज़ वज़न से नहीं आती, ये स्पीकर..."

"बेटा, लोहे में उमर निकल गई. खाली चीज़ हाथ में आते ही समझ जाता हूँ."

अन् जाता जाता काकांले म्हणे, "लड़की अच्छी है, माल हल्का है."

मी तणतण करून राहिली, अन् काका आपले अँप उलटा करून त्याचे स्क्रू पाहून राहिले.

"काय पाहता?"

"आत एखादी वीट बसते काय, ते पाहून राहिलो."

*

मग एक साहेब आले, मॅडमसोबत. नवा रायपूरले सरकारी बंगला मिळालेला. साहेब खुर्चीत बसले, डोळे मिटले. एक गाणं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याले त्यांनी रुमाल काढून डोळे पुसले हो! मी मनात म्हटलं, गेली जोडी!

"कितने वॉट का है?"

"आठ, सर."

"आठ सौ?"

"सिर्फ आठ."

"हमारे जूनियर के यहाँ पाँच सौ का है."

"पर सर, आपको अभी रोना आया ना!"

"वो ठीक है. गृहप्रवेश में सब वॉट पूछेंगे, रोना कौन पूछेगा?"

उठले अन् चालू पडले! मॅडम दारातून परत आल्या अन् माझ्या कानात म्हणे, "बुरा मत मानना दीदी. इनको तो पौधों के गमले भी जूनियर से दो ज़्यादा चाहिए."

*

अभनपूरचा एक धुमालवाला आला. धुमाल म्हणजे आपल्याकडं वरातीत गाडीवर वाजते ना, छातीत धडधड करणारं, ते. त्याले घरासाठी स्पीकर पाहिजे होते, पण अँप म्हणे माझाच लावीन. पिकअपमधून तो अँप दोन माणसांनी उतरवला!

मी म्हटलं, "भैया, इन स्पीकर को इतना पावर नहीं चाहिए. मशीन की अपनी आवाज़ भी सुनाई देगी."

"हव दीदी, हव," म्हणत त्यानं लावलाच.

चालू केला. गाणं नाही, काही नाही, नुसतं स्स्स्स्स! कुकर शिट्टीले आल्यासारखं. ज्या स्पीकरले एक वॅट पुरते, ते अँपची कुरकुरही ऐकवतीलच ना! तर हा वर पाहून म्हणते, "दीदी, पहले एसी बंद करो."

एसी बंदच होता!

मग त्यानं बटन केसाएवढं फिरवलं. भिंतीवरचं घड्याळ खाली! शेजारच्या पार्लरमधून एक बाई किंचाळत आली. एक भुवई मस्त कोरलेली, अन् दुसरी... आता काय सांगू, अर्धी गायब! ती रडकुंडीले आलेली अन् हा खूश!

"देखे दीदी? अभी तो मैंने चालू भी नहीं किया!"

*

नाना म्हणजे काकांचे मित्र, रेल्वेतून रिटायर. रोज जेवण झालं की येतात, माझ्या खुर्चीत बसतात, "पोरी, शांत काहीतरी लाव," म्हणतात अन् लगेच घोरतात.

एक दिवस नवरा-बायको आले. खुर्चीची पाठ दाराकडं, म्हणून नाना काही त्यांले दिसले नाही. बासरी चालू होती.

नवरा म्हणते, "बेस तो ज़बरदस्त है!"

मी मान हलवली.

बायको म्हणते, "हाँ, लगता है कोई सामने ही बैठा है."

मी अजूनच जोरात मान हलवली! घेऊन राहिले होते हो, नवऱ्यानं कार्ड पण काढलं होतं! तितक्यात खुर्चीतून आवाज आला, "चहा झाला काय गं?"

बेस बंद, गिऱ्हाईक पसार!

*

अन् धनतेरसच्या आदल्या दिवशी खरंच बॅटऱ्या आल्या. इन्वर्टरसहित. दुकानाच्या तोंडाशी हा ढीग!

"उद्या खोली रिकामी कर," काका म्हणाले.

संध्याकाळी बाजार फुल, अन् अख्ख्या लाइनीची लाइट गेली. आपल्याकडं सहसा जात नाही, म्हणून कोणाजवळच काही सोय नव्हती. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही! "काका, एक बॅटरी जोडा! एवढासा अँप आहे, आरामात चालते!"

स्पीकर ढकलत ढकलत दाराशी आणले. गाणं लावलं. सगळ्या अंधारात एकच दुकान चालू, एक बल्ब अन् ते गाणं! लोक थांबले. आत आले. अशी गर्दी त्या दुकानानं कधी पाह्यलीच नव्हती!

"देखिए, सिर्फ आठ वॉट में..."

"तो बैटरी कितनी देर चलेगी?" एकानं विचारलं.

"सर, आप आवाज़ तो सुनिए..."

"पंखा चलेगा?"

"फ्रिज?"

मी घसा फोडून स्पीकर समजावून राहिली, तर एक बाई माझा दंड धरून, काकांकडं बोट करून म्हणते, "दीदी, गाना ज़रा धीरे करो ना, भैया से बैटरी की बात हो रही है."

लाइट येईपर्यंत ढीग संपला. एकही बॅटरी उरली नाही, अन् जोडी जिथल्या तिथं!

सकाळी मी रडवेलं तोंड करून खोलीतले पडदे काढाले गेली, तर काकांनी माझा हात धरला.

"राहू दे. ही जोडी आता विकायची नाही."

"काहून?"

"बॅटरीच्या डेमोले लागते."