एका शेअरचे दहा

सांगायची लाज वाटते हो! पण आमची सुमन तुम्हाला कधी ना कधी सांगितल्याशिवाय राहायची नाही, तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. हसलात तर मात्र चहाचे पैसे तुम्ही द्यायचे.

बंगळूरच्या आमच्या घरात इंग्रजी पेपर वाचणारा मी एकटा. म्हणजे शहाणाही मीच! भावोजी जाताना अक्कासाठी एका रेडिओ कंपनीचे थोडे शेअर ठेवून गेले होते. अक्काच्या एकुलत्या एका मुलीचं, सुमनचं, लग्न त्यांवरच व्हायचं होतं. ते शेअर सांभाळायचे कुणी? अर्थात मामाने!

होसकोटेचं स्थळ आलं होतं. मुलगा शाळेत मास्तर, सज्जन, आणि सुमनच्या मनात भरलेला. त्याचं नाव निघालं की पोरगी चुलीवरचं दूध उतू घालवायची.

अशात एका सकाळी पेपरात बातमी! रेडिओ कंपनीला भरघोस नफा, आणि प्रत्येक शेअरचे दहा शेअर होणार.

"अक्का, एकाचे दहा!" मी ओरडलोच.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे आज एक शेअर दोनशेला जातो. तसले दहा मिळणार, एकाच्या जागी! श्रीमंत झालो आपण!"

खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की शेअरची छापील किंमतही शंभराची दहा होणार. वाचलं होतं मी! पण म्हटलं, छापील किंमत गेली उडत, बाजारात काय मिळतं ते बघायचं.

आता माणसाने गप्प बसावं की नाही? छे! शिवाजीनगरातून म्हैसूरपाक आणला, गल्लीभर वाटला, आणि तडक होसकोटेची बस पकडली. कशाला? स्थळाला नकार द्यायला!

"आता आमची गोष्ट वेगळी झाली," मी मुलाच्या वडिलांना चक्क सांगितलं. "सुमनसाठी एखादा इंजिनियर बघावा म्हणतो."

"सरी, ठीक आहे, तुमची मर्जी," म्हातारे म्हणाले. आणि वर मला कॉफी पाजली हो!

घरी सुमनचे डोळे लाल. मी म्हटलं, "वेडे, मोटारीतून सासरी जाशील!"

"मला बसने चाललं असतं, मामा," ती म्हणाली. त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद.

पुढे शेअर फुटले, एकाचे दहा झाले. त्या सकाळी ऐटीत पेपर उघडला, आणि बघतो तर काय, दोनशेचा शेअर विसावर! पायाखालची जमीनच सरकली. पायात चपला अडकवल्या आणि दलालाकडे धावलो.

"लुटलं हो, दिवसाढवळ्या लुटलं!"

दलालाने माझ्याकडे पाहिलं आणि शेजारच्या हॉटेलातून एक कॉफी मागवली, बाय-टू. एका कॉफीचे दोन ग्लास आले.

"कॉफी वाढली का, साहेब?"

"नाही."

"कमी झाली?"

"नाही."

"मग ओरडता कशाला? एका शेअरचे दहा झाले, भाव दहावा हिस्सा झाला. तुमचं गेलं काय आणि आलं काय?"

अहो, जन्मभर रोज बाय-टू कॉफी पिणारा माणूस मी! समोर दोन ग्लास आले म्हणून कधी गल्लीत मिठाई वाटली होती का? तेव्हा वाटलं, त्या ग्लासातच बुडून जावं.

पुन्हा होसकोटेची बस. या वेळी मान खाली.

"इंजिनियर नाही मिळाला?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं, म्हैसूरपाकासकट. आतल्या खोलीत मास्तर फिदीफिदी हसत होते. मी हात जोडले. "गाढव आहे मी. माझी शिक्षा पोरीला नका देऊ."

"मुलगी काय म्हणते?"

"बोलतच नाही माझ्याशी."

"मग होकार कळवा तिला. बोलेल," म्हातारे म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

लग्न झालं. पंगतीत सुमन स्वतः वाढायला आली, मागे मास्तर तुपाचं भांडं घेऊन. सगळ्यांच्या पानात अख्खी पुरणपोळी. माझ्या पानात तुकडेच तुकडे!

"मामा," सुमन गंभीर चेहरा करून म्हणाली, "सगळ्यांना एकेक, तुम्हाला दहा. श्रीमंत माणूस तुम्ही!"

अख्खी पंगत हसली. दहाही तुकडे मुकाट्याने खाल्ले मी. पोट भरलं नव्हतं हो, पण आणखी वाढ म्हणायला तोंड कुठे होतं?