न बिघडणारा पंप

वाचनालयाच्या कथास्पर्धेत दोन गट होते, विज्ञानकथा आणि अद्भुतकथा. हे गट कार्यकारिणीने एकाच बैठकीत मंजूर केले. दोन्हींत फरक काय, हे त्या बैठकीत कोणी विचारलं नाही. सूचनाफलकावर लिहिलं गेलं की विज्ञानकथेत विज्ञान असावे व अद्भुतकथेत अद्भुत असावे. प्रत्येक गटाच्या विजेत्याने वर्धापनदिनाला स्टेजवर कथा वाचायची आणि शाल घ्यायची.

परीक्षक दोन होते. एक मी, वर्तमानपत्राच्या डेस्कवर दुसऱ्यांच्या बातम्या कापून निवृत्त झालेली. दुसरे उर्दू माध्यमाच्या शाळेत आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेले सर. पहिल्या तासात काम सरळ झालं. रॉकेट डावीकडे, जिन्न उजवीकडे. मोबाइलमधून बाहेर येणारं एक भूत आधी डावीकडे गेलं, मग उजवीकडे. शेवटी एकच कथा उरली.

ती बजाजनगरच्या एका फिटरने पाठवली होती. वाळूजच्या एका कारखान्यात तो मेंटेनन्सला होता. कथेतला फिटर जमिनीखालच्या जुन्या नहरीत उतरतो, तिथे एक पंप बसवतो, आणि त्याच्या कॉलनीत रोज सकाळी सहाला नळाला पाणी येऊ लागतं. पूर्ण दाबाने, सलग अकरा वर्षं.

आमच्या भागात आठ-आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्याचे दिवस कॅलेंडरवर गोल करून ठेवतात आणि पाहुण्यांना ते बघूनच बोलावतात. मी कथेवर ‘अद्भुत’ असा शेरा मारला. सरांनी ‘विज्ञान’ लिहिलं.

“बाई, या माणसानं पाइपच्या सांध्यातल्या गास्केटची जाडी दिलीय,” सर म्हणाले. “गास्केटवर तीन पानं आहेत. जिन्न कधी गास्केट बसवतो का?”

“रोज पाणी येतं, सर.”

“ते खरंय,” सर म्हणाले.

डेस्कवर बातमीला जे प्रश्न विचारायचे असतात, त्यांतला ‘कसं’ हा मी सीमेवर उभा केला. जिथे ‘कसं’चं उत्तर द्यावं लागतं ती विज्ञानकथा आणि जिथे तो प्रश्न विचारणंच असभ्य ठरतं ती अद्भुतकथा. या नियमाने माझाच शेरा चुकत होता, तेव्हा मी तो खोडला.

तोवर सरांना त्यांचा नियम सापडला होता. शाळेच्या प्रयोगशाळेत बॅटऱ्या उतरलेल्या आणि मीटरचे काटे अडकलेले पाहण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती.

“जे बिघडू शकतं ते विज्ञान,” ते म्हणाले. “जादू कधी दुरुस्तीला जात नाही. उडता गालिचा कुणी रफू करायला दिलेला ऐकलाय?” मग त्यांनी कथा पुन्हा चाळली आणि चष्मा काढला. “ग्यारह साल, बाई. एकदा पण बंद नाही पडला. हा तर गालिचाच झाला.” त्यांनीही आपला शेरा खोडला.

आता मी विज्ञानाच्या बाजूला होते आणि सर अद्भुताच्या. लेखकालाच बोलवायचं ठरलं.

तो सुट्टीच्या दिवशी आला, कंपनीचा शर्ट इस्त्री करून. अडचण ऐकून घेतली आणि खुर्ची पुढे ओढली.

“अद्भुतात नका टाकू, मॅडम. आमच्या मेंटेनन्स शॉपला मला चार एकर म्हणतात.”

“का?”

“बोलायला लागला की चार एकर नांगरतो, म्हणून. या महिन्याला मी रिटायर होतोय. सगळ्यांना सांगून बसलोय की आपली गोष्ट विज्ञानात आहे. नंबर आला तर दहा-बारा जण येणारेत ऐकायला. तुम्ही अद्भुत म्हणलं की चार एकरावर शिक्का बसला. तो काय मग निघत नाय.”

“मग मियाँ, पंप बिघडत का नाही?” सरांनी विचारलं.

फिटरला हा प्रश्न अपमानासारखा लागला. “मी बसवलाय ना, सर.”

“सगळे पंप कुणीतरी बसवलेलेच असतात.”

“व्हय. अन् तीस वर्षं ते मीच दुरुस्त केलेत. सणाला फोन, लग्नात फोन. हा एक माझ्या हातचा आहे, तो तरी चालू द्या की.”

 पण सरांनी नियम सोडला नाही. एक बिघाड मागितला, छोटासा. फिटर बेअरिंग द्यायला तयार होईना. इंपेलरचं, म्हणजे आतल्या पात्यांच्या चाकाचं, तर नावही काढू देईना. बऱ्याच वेळाने म्हणाला, “गास्केट देतो.” आणि कागद घेऊन गेला.

पुढच्या सुट्टीला कथा परत आली. माणूस हिशेबी होता. एकदा गास्केट झिजतं म्हटल्यावर किती झिजतं, ते त्याने काढलं होतं. एवढ्या दाबाला ते एका दिवसात जात होतं. नहरीतली वाट अरुंद, वाकून जायचं, जुनं खरवडायचं, नवं बसवायचं, यात सात दिवस लागत होते. सुधारलेल्या कथेत कॉलनीला दर आठव्या दिवशी पाणी येत होतं.

सर खूश झाले. “आता कसं, पक्कं विज्ञान.” मी ती दोनदा वाचली. डेस्कवर आली असती तर ‘शहरात’ या सदरात दोन ओळींत लावली असती. तसं बोलले नाही. ‘विज्ञान’ लिहून सही केली, आणि त्या गटात तीच पहिली आली.

वर्धापनदिनाला त्याच्या शॉपची माणसं दुसऱ्या रांगेत बसली होती, हाताची घडी घालून. तो कागदातून मान वर न काढता वाचत होता. नहर झाली, पंप झाला, कोणी हसलं नाही. तो गास्केटपाशी आला.

“चार एमएम?” दुसऱ्या रांगेतून आवाज आला. “तिथं सहाचं लागंल.”

“सहाचं बसतच नाय,” शेजारचा म्हणाला. “फ्लँज घासंल.”

“कॉपरचं टाकलं असतं तर गेलंच नसतं.”

फिटरने कागद स्टँडवर ठेवले. “सहा कोण म्हणलं?” त्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता स्टेजवरून खाली आला. निमंत्रणपत्रिकेच्या मागच्या बाजूला त्याने पेनाने पाइपच्या जोडाचा फ्लँज काढून दाखवला. सगळी रांग त्याच्यावर वाकली. शाल घेऊन अध्यक्ष उभेच राहिले.

अद्भुतकथेच्या विजेत्या कॉलेजच्या प्राध्यापिका होत्या. त्यांना अर्धा तास थांबावं लागलं. त्यांची राजकन्या दौलताबादच्या किल्ल्यावरून पाय उचलते आणि चंद्रावर ठेवते. कथा संपली तेव्हा दुसऱ्या रांगेने नीट टाळ्या वाजवल्या. ‘कसं’ म्हणून कोणी विचारलं नाही.