पेंटरकाकांचा बसका 'ल'

दुकानांच्या पाट्या रंगवण्यात पेंटरकाकांची हयात गेली. छापील बोर्डांचा सुळसुळाट झाला आणि काका हातावर हात ठेवून बसले. तेव्हा सुनेनं डोकं लढवलं.

"बाबा, तुमचं अक्षर फॉन्ट करून विकू. ऑनलाइन दुकान मी सांभाळते. एकदा काढून द्या, मग घरबसल्या खपत राहील."

काकांनी कागदावर सगळी अक्षरं काढली. नेमका तेव्हाच मेला अंगठा सुजलेला, त्यामुळे 'ल' खाली बसला. "हा मागाहून सुधारू," काका म्हणाले. रंगात हात असलेल्या माणसाची सवय. रंग ओला असतानाच फडकं मारलं की चूक गायब. सुनेला वाटलं, म्हातारा उगाच कीस काढतोय. तिनं फॉन्ट तसाच दुकानात चढवला.

फॉन्ट धडाधड खपला. काकांना मात्र रस्त्यानं चालणं नकोसं झालं. औषधालयावर तोच बसका 'ल', बालवाडीच्या फाटकावर तोच. सुनेनं पुढे सुधारलेली फाइल टाकली. पण विकलेली परत कशी आणणार?

आणि परवा कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं नवा छापील बोर्ड लावला. त्याचं 'सलून' आजवर काकाच रंगवत आले होते.

"तुमचंच अक्षर आहे, काका!" न्हावी कौतुकानं म्हणाला. "म्हटलं, या वयात तुम्हाला कशाला शिडीवर चढवायचं?"

काकांचा हात आपसूक खिशातल्या फडक्याकडे गेला.

"राहू द्या हो," न्हावी हसला. "हा काही केल्या पुसला जात नाही."