पद्मिनीचे उलटे प्रश्न

पद्मिनी वैरागडे आकड्यांत चुकत नाही, हे नागपुरातल्या तिच्या कॉलेजात शिपायालाही ठाऊक होतं. तिथं सात वर्षं मानसशास्त्र शिकवून ती नवऱ्याच्या, रवींद्रच्या नोकरीपायी अमेरिकेत पार्सिपनीला आली आणि व्हिसाच्या नियमामुळे पाच वर्षं घरी बसली. २००६ साली कामाचा परवाना हाती पडला, त्याच आठवड्यात तिनं जवळच्या विद्यापीठात अर्ज टाकला.

काम मिळालं ते एल्व्हान नावाच्या तुर्की प्राध्यापिकेकडे. माणूस चुकला तर स्वतःशी किती मायेनं वागतो, हे मोजणारी एक इंग्रजी प्रश्नावली एल्व्हानला तुर्की बोलणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी तयार करायची होती. एकानं तुर्कीत भाषांतर केलं, दुसऱ्यानं ते परत इंग्रजीत आणलं, आणि ते मूळ प्रश्नावलीशी तंतोतंत जुळलं. पॅटरसन शहरातल्या शनिवारच्या तुर्की शाळेत एकशे ऐंशी मुलांनी ती भरून दिली. पद्मिनीनं आकडे मांडले आणि सगळं फिसकटलं.

अशा प्रश्नावलीत काही प्रश्न उलटे असतात. ‘चूक झाली की मी स्वतःशी कठोर वागतो’ याला जो ‘नेहमी’ म्हणेल त्याची स्वतःवरची माया कमी धरायची, म्हणजे ‘नेहमी’ला मिळणाऱ्या पाच गुणांचा एक करायचा. इथे मात्र स्वतःवर सर्वांत जास्त माया करणारी मुलंच सर्वांत कठोर निघाली. एल्व्हाननं कागद पाहिला आणि शांतपणे म्हणाली, की उलटे प्रश्न उलटवायचे राहिले असणार, नव्या माणसाकडून होतं असं. पुन्हा असंच आलं तर आकड्यांचं काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल.

हे पद्मिनीच्या जिव्हारी लागलं. घरी रवींद्रनंही तोच सूर लावला. "अगं, फाइल एकदा नीट चेक कर ना. रिव्हर्स करायचं राहिलं असेल." नवराच तो, बायकोची बाजू घेईल तर शपथ!

तिनं एकशे ऐंशी कागद पुन्हा एकेक करून तपासले. एकही चूक सापडली नाही. पण कठोरपणाच्या प्रश्नापुढच्या खुणा तिला निराळ्या वाटल्या. ठसठशीत, ऐटीत केलेल्या. एका मुलीनं तर ‘नेहमी’खाली दोनदा रेघ ओढली होती. नागपुरातल्या तिच्या हुशार पोरींनीही अगदी अशीच खूण केली असती. स्वतःला धारेवर धरणाऱ्या पोराला आपल्याकडेही गुणीच म्हणतात की!

तिनं एल्व्हानला सांगितलं की आकडे बरोबर आहेत, मुलांना एकदा विचारून पाहू. एल्व्हाननं नाखुशीनं एक शनिवार दिला आणि स्वतः मागच्या बाकावर येऊन बसली. पद्मिनीनं बारा मुलांना एकेक करून बोलावलं. प्रश्न मोठ्यानं वाचा आणि मनात येईल ते सांगा, एवढंच त्यांना सांगितलं.

चौदा वर्षांच्या सेलिननं कठोरपणाचा प्रश्न वाचला आणि लगेच म्हणाली, "मी स्वतःवर कडक राहिले नाही, तर बाबांच्या कष्टांची मला किंमत नाही असं होईल. म्हणून ‘नेहमी’ लिहिलं. हे चांगलंच आहे ना?"

बारांतली अकरा हेच म्हणाली. मागच्या बाकावर एल्व्हाननं चष्मा काढून डोळे पुसले, कारण तीही तशाच घरातली मुलगी होती. पद्मिनीला एकदम आपली लेक अनिका आठवली; चुकलीस की स्वतःला धारेवर धर, हेच ती तिला शिकवत आली होती.

मग दोघींनी उलटे प्रश्न मुलांच्याच बोलण्यातून नव्यानं घडवले. ‘कठोर’ गेलं, ‘मी स्वतःला बिनकामाचा म्हणतो’ आलं. वसंतात दुसऱ्या दोनशे मुलांनी नवी प्रश्नावली भरली, आणि या वेळी आकडे शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले.

विभागाच्या बैठकीत निकाल मांडताना एल्व्हान थांबली आणि सगळ्यांदेखत पद्मिनीकडे वळली. "हिचं चुकलं असं मी म्हणाले होते. खरं तर चूक माझी होती. ही अडून बसली नसती तर मी चांगल्या मुलांना चुकीचं मोजलं असतं. शोधनिबंधावर माझ्या नावाशेजारी हिचं नाव असेल."

सगळ्या माना वळल्या. ‘छे हो, मी काय केलं, नशीब म्हणायचं’ हे वाक्य पद्मिनीच्या जिभेवर आलंच होतं. बेचाळीस वर्षांची सवय होती ती. तिनं ते गिळलं.

"हो," ती म्हणाली, "मी बरोबर होते."