मागच्या संडासातली बाई

सरजाबाई आयुष्यात मोठं खोटं एकदाच बोलली, पण असं बोलली की अख्ख्या शाळेची पाचावर धारण बसली.

चारठाण्याकडच्या एका गावातल्या शाळेत ती बारा वर्षं पोरांची खिचडी शिजवते. शाळेमागं बाभळींत एक जुना संडास आहे. नवे बांधल्यापासून तिकडं कुणी फिरकत नव्हतं. यंदा दिवाळीनंतर मात्र पोरं सांगू लागली, की भर दुपारी त्या दाराला आतून कडी असते, आत बांगड्या वाजतात, बाई हलक्या आवाजात गाते.

सरजाबाई तशी धीट. पण सरपण आणायला गेली तेव्हा तिनंही ते गाणं ऐकलं, अन् काटक्यांची मोळी हातातून सुटली. गाणं थांबलं. कडी हळूच निघाली. दारात आठवीतला बजरंग उभा होता, हातात दोन हिरव्या बांगड्या.

मुतारीत पोरं त्याला बायल्या म्हणत, दार लावू देत नसत. म्हणून तो शाळेत पाणीच प्यायचा नाही. इथं निवांत जाता येई, घटकाभर मनासारखं राहता येई.

"मला आतून पोरगीच वाटतं, मावशी. कुणाला सांगू नका."

तिला सगळं उमगलं असं नाही, पण तहानलेलं लेकरू तिला कळत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं त्या दारावर लिंबू-मिरची टांगली, उंबऱ्यावर कुंकू सांडलं आणि खिचडी वाढता वाढता सांगून टाकलं, की मी बाईला डोळ्यांनी पाहिलंय, केस मोकळे, पाय उलटे. हेडमास्तर रंगनाथ सरांनी अंधश्रद्धेवर भाषण ठोकलं, पण तिकडं तेही गेले नाहीत.

दोन महिने बरे गेले. मग एका सकाळी परिपाठाला बजरंग चक्कर येऊन पडला. पाणी पुन्हा सोडलं होतं.

"मावशी, आत खरंच कुणीतरी हाय," तो कुजबुजला. "मी जायच्या आधीच आतून कडी लागलेली असती."

सरजाबाईच्या अंगावर काटा आला. खोटं बोलून आपणच बोलावलं की काय हिला? दुपारी ती बजरंगला घेऊन गेली. दार आतून बंद होतं. पलीकडं कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. तिनं देवाचं नाव घेतलं आणि दार वाजवलं.

 मग बारीक आवाज आला, "मी हाय. राजनंदिनी. सातवीची."

राजनंदिनी म्हणजे पोरासारखे केस कापलेली, पोरांत विटीदांडू खेळणारी. 'तू पोरगा हाईस' म्हणून पोरी तिला आपल्या संडासातून हाकलायच्या. सरजाबाईनं ते कितीदा पाहिलं होतं आणि हसण्यावारी नेलं होतं. आता तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बाईचं भ्याव न्हाई वाटत का गं तुला?"

"वाटतं की. पण पोरींचं लय वाटतं."

सरजाबाईचे डोळे भरून आले. मागं बजरंग पळायच्या बेतात होता. तिनं त्याचं मनगट धरलं.

"थांब जरा," ती म्हणाली, "आत आपलंच माणूस हाय."